साथीचा हिशेब : नव्वद आणि पंचाण्णव यांतील अंतर



संस्थेप्रमाणेच साथीच्या रोगालाही जमाखर्च असतो. तो समजून घेतल्यास देणगीचा रुपया कोठे अधिक उपयोगी पडतो हे ध्यानात येते. या हेतूने आम्ही प्रस्तुत लेखात साथीच्या गणिताची ओळख करून देत आहोत.

मुंबईच्या प्लेगपासून आरंभ

१८९६ साली मुंबईत प्लेग उद्भवला व पुढे अनेक वर्षे परतत राहिला. १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६ या काळातील मुंबईच्या प्लेगमृत्यूंचे आठवडेवार आकडे दोन शास्त्रज्ञांनी १९२७ साली आपल्या गणिती सिद्धान्ताशी ताडून पाहिले. त्यांपैकी अँडरसन मॅकेन्ड्रिक हे भारतात वैद्यकीय सेवा केलेले डॉक्टर होते. दुसरे विल्यम करमॅक हे रसायनशास्त्रज्ञ. १९२४ साली प्रयोगशाळेतील अपघातात त्यांची दृष्टी गेली होती.

त्यांनी लोकसंख्येची तीन खाती पाडली : रोग होऊ शकणारे, रोग पसरवणारे, आणि बरे होऊन वा मृत्यू पावून साखळीबाहेर गेलेले. एका खात्यातून दुसऱ्यात माणसे किती वेगाने जातात, यावर साथीचा चढउतार ठरतो. प्लेग उंदरांवरील पिसवांमार्फत पसरत असल्याने ही मांडणी त्यास स्थूलमानानेच लागू पडते. तथापि त्यांचा मुख्य निष्कर्ष आजही आधारभूत आहे. साथ थांबण्यासाठी पहिले खाते पूर्ण रिकामे व्हावे लागत नाही. ते ठरावीक मर्यादेखाली गेले की साथ ओसरू लागते. लसीकरणाने हे खाते कोणी आजारी न पडताच कमी होते.

गोवराचे गणित

२०२२ च्या अखेरीस मुंबई, मालेगाव व आपल्या भिवंडीत गोवराचा उद्रेक झाला आणि राज्यात काही बालके दगावली. कोरोनाच्या काळात अनेक बालकांचे नियमित लसीकरण राहून गेले होते, हे त्याचे एक प्रमुख कारण.

कोणालाच संरक्षण नसेल, तर गोवराचा एक रुग्ण सरासरी १२ ते १८ जणांना रोग देतो. हिशेबासाठी १५ धरू. १०० पैकी ९० बालके सुरक्षित असतील, तर या १५ पैकी दीड जणालाच लागण होईल. हा आकडा अल्प वाटतो. परंतु एका रुग्णापासून पुढच्याला लागण होऊन लक्षणे दिसण्यास साधारण १२ दिवस लागतात. म्हणजे दर १२ दिवसांना ५० टक्के चक्रवाढ! दोन महिन्यांत, पाच फेऱ्यांनंतर, एकाचे सुमारे साडेसात नवे रुग्ण एका फेरीत होतात. याउलट ९५ बालके सुरक्षित असल्यास एकापासून पाऊणच रुग्ण होतो व साथ आपोआप विझते. नव्वद व पंचाण्णव यांत केवळ पाच बालकांचा फरक आहे. मात्र एका बाजूस साथ वाढते व दुसऱ्या बाजूस संपते.

येथे 'सुरक्षित' याचा अर्थ केवळ 'लस टोचलेले' असा नव्हे. ९ महिन्यांनंतर दिलेल्या पहिल्या मात्रेने सुमारे ८५ टक्के बालकांना संरक्षण मिळते. १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यानची दुसरी मात्रा झाल्यावर हे प्रमाण ९५ टक्क्यांच्या पुढे जाते. म्हणून दुसरी मात्रा ऐच्छिक समजू नये.

सरासरीचा धोका

समजा, दहा वस्त्यांपैकी नऊ ठिकाणी ९७ टक्के बालके सुरक्षित आहेत व एका ठिकाणी ७० टक्के. एकूण सरासरी ९४ टक्क्यांहून अधिक येते व कागदोपत्री समाधान वाटते. परंतु त्या एका वस्तीत प्रत्येक रुग्णापासून साडेचार नवे रुग्ण होतील.

आपले शहर यंत्रमागांचे. येथे कामगार कुटुंबे परप्रांतातून येतात, खोल्या बदलतात, सणासुदीला महिनोन्महिने गावी जातात; बाळाची दुसरी मात्रा नेमकी याच धावपळीत राहते. शिवाय गोवराचा रुग्ण अंगावर पुरळ उठण्यापूर्वी चार दिवसांपासूनच रोग पसरवू लागतो. त्यामुळे रुग्णालयात आणल्यावर त्यास वेगळे ठेवणे आवश्यक असले, तरी तेवढ्याने साखळी तुटत नाही.

आमचे निवेदन

पालकांना विनंती की, लसीकरण कार्ड जपावे व गावी जाताना सोबत न्यावे. राहिलेली मात्रा वयाच्या पाच वर्षांपर्यंत देता येते. साध्या सर्दीसाठी लस पुढे ढकलू नये. शंका असल्यास डॉक्टरांना विचारावे.

देणगीदारांना विनंती की, खाटा व यंत्रसामग्रीइतकेच महत्त्व वस्तीत जाऊन राहिलेली बालके शोधण्याच्या कामास द्यावे. शेवटच्या पाच बालकांपर्यंत पोहोचण्याचा खर्च दरडोई अधिक येतो, हे आम्ही जाणतो. परंतु वरील हिशेब पाहता, आधीच्या नव्वदांसाठी केलेला खर्च त्या पाचांमुळेच सार्थकी लागतो. या कामी आपले सहकार्य लाभावे, ही नम्र अपेक्षा.