गाडी सुरू का होत नाही?

रात्रीचे नऊ वाजले आहेत. पिकअपमध्ये टोमॅटोचे क्रेट रचून झाले. दोरखंड आवळून झाला. जुन्नरहून निघून माल वाशीच्या भाजी बाजारात पोचायचा आहे, आणि तोही पहाटेच्या आत. उशीर झाला की भाव गेला. ड्रायव्हर किल्ली फिरवतो. ‘कट्’ असा आवाज होतो आणि पुढे काहीच नाही.

चार माणसे जमतात. कोणी म्हणतो, “बॅटरी गेली.” कोणी म्हणतो, “धक्का मारा रे!” धक्का मारून गाडी कशीबशी निघते. दुसऱ्या दिवशी मालक नवी बॅटरी आणतो. पाच-सात हजार रुपये जातात. आणि पंधरा दिवसांनी पुन्हा तेच ‘कट्’!

असे गावोगाव घडते. जुनी बॅटरी चांगलीच होती. खोट दुसरीकडे होती. ती खोट पैसे घालवण्याआधी कशी शोधायची, ते आज आपण पाहू या.

आपल्या घरावर पाण्याची टाकी असते. नळाला पाणी आले नाही, तर आपण लगेच नवी टाकी आणतो का? नाही. आधी पाहतो, टाकीत पाणी आहे का? पाइप तुंबला आहे का? मोटर पाणी चढवते का? कुठे गळती लागली आहे का? गाडीच्या विजेचेही तसेच आहे. बॅटरी म्हणजे टाकी. जाड वायरी म्हणजे पाइप. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा अल्टरनेटर म्हणजे पाणी चढवणारी मोटर. आपल्याकडे पुष्कळजण त्याला अजून डायनामोच म्हणतात. म्हणोत बापडे. काम तेच, वीज तयार करून बॅटरी भरायची.

आता टाकीत पाणी किती आहे ते कसे कळायचे? त्यासाठी मल्टिमीटर नावाचे एक छोटे यंत्र मिळते. तीन-चारशे रुपयांत साधे मीटर येते. नव्या बॅटरीच्या मानाने ही किंमत काहीच नाही. गावात चार पिकअप असतील, तर चौघांत मिळून एक घ्यावे. मीटरचे बटण बॅटरीच्या विजेसाठी असलेल्या 20 व्होल्टच्या खुणेवर आणावे. लाल तार बॅटरीच्या अधिक (+) खांबाला टेकवावी. काळी तार वजा (−) खांबाला टेकवावी. मग आकडा वाचावा. 12.6 असा आकडा दिसला, तर तो ‘बारा पॉइंट सहा’ असा वाचायचा. टिंबाकडे नीट लक्ष द्या बरं का. सगळी गंमत त्या टिंबाच्या पुढच्या आकड्यात आहे.

गाडी रात्रभर उभी असावी. सकाळी, किल्ली न फिरवता, आकडा पाहावा. 12.6 किंवा थोडा वर असेल तर बॅटरी भरलेली आहे. 12.2 असेल तर ती निम्मी उतरली. 12 च्या खाली गेला तर ती जवळजवळ रिकामी समजावी. म्हणजे 12 व्होल्टच्या बॅटरीत 12 व्होल्ट दिसले म्हणून खूश व्हायचे नाही! या बॅटरीत सहा घरे असतात आणि भरलेले प्रत्येक घर दोन व्होल्टच्या थोडे वर असते. म्हणून भरल्या बॅटरीचा आकडा बाराच्या पुढे जातो.

आकडा चांगला आहे, तरी ‘कट्’ होते? मग पाइप पाहा. आमच्या मते सगळ्यांत आधी पाहायची जागा हीच, कारण इथे खर्च काही नाही. बॅटरीच्या खांबांवर पांढरी-हिरवी बुरशी जमते. ती बुरशी म्हणजे ॲसिडाचा क्षार. वरून टर्मिनल घट्ट दिसते, पण आतून वीज जायला वाट नसते. दिव्याला वीज थोडी लागते, म्हणून दिवा लागतो. डिझेल इंजिन फिरवताना सेल्फला मात्र दोन-तीनशे अँपिअर वीज लागू शकते. ती त्या बुरशीतून जात नाही. दिवा लागतो म्हणून वायर ठीक आहे, असे कोणी म्हणाले तर मानू नका.

टर्मिनल काढताना आधी वजाची वायर काढावी. लावताना ती शेवटी लावावी. असे का? वजाची वायर गाडीच्या लोखंडाला जोडलेली असते. ती जोडलेली असताना अधिकच्या नटाला पाना लावला आणि पान्याचे दुसरे टोक गाडीच्या पत्र्याला टेकले, तर मोठी ठिणगी उडते. हातात अंगठी असेल तर ती तापून बोट भाजते. पाण्यात खाण्याचा सोडा कालवून खांब धुवावेत. धुताना झाकणे घट्ट असू द्या, सोड्याचे पाणी बॅटरीत जाता कामा नये. मग कोरडे करून, घासून, टर्मिनल घट्ट बसवावे. वरून थोडे व्हॅसलिन लावावे.

वजाची वायर पुढे इंजिनाला आणि चेसिसला जिथे जोडली आहे, ती जागाही विसरू नका. तिला अर्थ म्हणतात. ती खाली, चिखलाच्या जागी असते. गंज चढतो, नट ढिला होतो. हिची परीक्षा सोपी आहे. गाडी न्यूट्रल करावी, हँडब्रेक ओढावा. मीटरची काळी तार बॅटरीच्या वजा खांबाला आणि लाल तार इंजिनाच्या उघड्या लोखंडाला लावावी. दुसऱ्याने सेल्फ मारावा. आपले हात पंख्यापासून लांब ठेवावेत. सेल्फ मारताना अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आकडा दिसला, तर त्या वाटेत अडथळा आहे. तीच वायर काढून घासावी, नाहीतर बदलावी. पन्नास पैशांच्या गंजापायी पाच हजारांची बॅटरी घेतली जाते ती अशी.

मीटर नसेल तर हेडलाइट लावून सेल्फ मारा. दिवे एकदम विझायला आले, तर बॅटरी उतरली आहे किंवा वायरीची जोडणी वाईट आहे. दिवे तसेच झगझगीत राहिले आणि सेल्फ फिरला नाही, तर खोट सेल्फमध्ये किंवा त्याच्या वायरीत शोधावी.

आता मोटर. किल्ली फिरवली की समोर बॅटरीच्या चित्राचा लाल दिवा लागतो. इंजिन सुरू झाले की तो विझला पाहिजे. चालत्या गाडीत तो लागला, तर बॅटरी भरत नाही असे समजा. आधी पट्टा पाहा. तो तुटला असेल, ढिला असेल. पुष्कळ गाड्यांत तोच पट्टा इंजिन थंड ठेवणारा पाण्याचा पंपही फिरवतो, म्हणून ‘जाऊ दे, पोचू तसेच’ असे करू नये. पट्टा ठीक असेल तर इंजिन चालू ठेवून बॅटरीवर मीटर लावावे. 13.8 ते 14.5 च्या दरम्यान आकडा यावा. 13 च्या खालीच राहिला, तर अल्टरनेटर मिस्त्रीला दाखवावा. 15 च्या वर गेला तर तेही वाईट. मग बॅटरीतले पाणी झपाट्याने आटते आणि सडक्या अंड्यासारखा वास येतो.

काही मिस्त्री इंजिन चालू ठेवून बॅटरीची वायर काढतात. “इंजिन बंद पडलं नाही ना? म्हणजे डायनामो चांगला,” म्हणतात. जुन्या गाड्यांत ते चालून गेले. आजच्या गाडीत कॉम्प्युटर असतो. वायर काढताच विजेचा जोर एकदम वाढतो आणि अल्टरनेटर किंवा कॉम्प्युटर जळू शकतो. आपल्या गाडीवर हा प्रयोग करू देऊ नये.

राहिली गळती. गाडी दोन-चार दिवस उभी राहिली आणि बॅटरी उतरली, तर गळतीचा संशय घ्यावा. एक हिशेब करू. केबिनमध्ये 5 वॅटचा छोटा दिवा आहे. 5 ला 12 ने भागले की सुमारे 0.4 अँपिअर येतात. बॅटरी 60 अँपिअर-तासांची आहे. 60 ला 0.4 ने भागले की 150 तास होतात, म्हणजे सहा दिवस. पण बॅटरी निम्मी उतरली तरी डिझेल इंजिन ओढणे तिला जड जाते. म्हणजे एक विसरलेला दिवा तीन दिवसांत गाडी अडवू शकतो! मग मोठ्या स्पीकरचा ॲम्प्लिफायर, रंगीत झालर, हे सारे किल्लीच्या आधीच जोडले असेल तर काय होईल ते तुम्हीच सांगा. वर जोडणी कशी? वायर सोलून, पिळून, चिकटपट्टी गुंडाळून. आम्हांला झालरीचा राग नाही. गाडी आपली, हौस आपली. पण ती फ्यूज टाकून, किल्ली बंद केली की बंद होईल अशी जोडून घ्यावी.

फ्यूज वारंवार जळतो म्हणून त्याच्या जागी तांब्याची तार घालणारेही आहेत. फ्यूज हा राखणदार आहे. कुठे तरी वायर घासून उघडी पडली, म्हणून तो जळतो. तार घातली की तार जळत नाही, वायरिंग जळते. त्यासोबत गाडी आणि मालही जातो.

एवढे सगळे पाहून झाले, तरी भरलेली बॅटरी दुसऱ्या दिवशी उतरते? मग खरोखर बॅटरीच गेली असेल. तिच्या झाकणांची बॅटरी असेल, तर हायड्रोमीटरने प्रत्येक घर तपासून घ्यावे. पाच घरे सारखी आणि एकच फार कमी, तर ते घर मेले. तशी बॅटरी सुधारत नाही. नाहीतर दर महिन्याला पाणी पाहावे आणि फक्त बॅटरीचे डिस्टिल्ड पाणी घालावे. विहिरीचे घालू नये, त्यातले क्षार प्लेटा खराब करतात.

बॅटरी भरताना तिच्यातून पेट घेणारा वायू निघतो. बिडी, काडी जवळ नको. आत गंधकाचे ॲसिड असते. डोळ्यात उडाले तर किमान पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याने डोळा धुवत राहावे आणि लगेच डॉक्टरकडे जावे.

अडल्या वेळी दुसऱ्या गाडीची वीज घेता येते. ती गाडीही 12 व्होल्टचीच हवी. मोठ्या ट्रकमध्ये दोन बॅटऱ्या जोडून 24 व्होल्ट केलेले असतात, त्याची वीज घेऊ नये. लाल वायर अधिकपासून अधिकला लावावी. काळी वायर चांगल्या बॅटरीच्या वजापासून आपल्या इंजिनाच्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब लावावी, म्हणजे ठिणगी वायूजवळ उडत नाही.

गेलेली बॅटरी गोठ्यात टाकून ठेवू नका, फोडू तर मुळीच नका. तिच्यातले शिसे विषारी असते आणि लहान मुलांना फार बाधते. दुकानदार ती परत घेतो. 2022 च्या सरकारी नियमांनी जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी बनवणाऱ्यांवर टाकली आहे. नवी घेताना जुनीचे किती वजा केले ते विचारावे, आणि विकल्याची तारीख घातलेले हमीपत्र दुकानातच वाचून घ्यावे.