लेथची हिरवी तार

वर्कशॉपातल्या लेथकडे तीन जाड तारा वीज घेऊन येतात: लाल, पिवळी आणि निळी. त्यांपैकी एक तुटली तर मोटर घुरघुरते, तापते, नाहीतर सुरूच होत नाही. कारागिराला लगेच कळते. यंत्राच्या लोखंडी अंगाला बोल्टने आवळलेली आणखी एक तार तुम्ही पाहिली असेल. ती हिरवी असते; कधी तिच्या जागी जस्ताचा मुलामा दिलेली पट्टी असते. ही तुटली तर? काहीच होत नाही. यंत्र पूर्वीसारखेच चालते आणि महिनोन् महिने कोणाच्या लक्षातही येत नाही. ही अर्थिंगची तार काय काम करते ते आकडे मांडून पाहू. ओहमचा नियम तुम्हांला येतो, तेवढा पुरे.

समजा, मोटरच्या वेटोळ्याचे इन्सुलेशन जळाले आणि उघडी तार सांगाड्याला टेकली. आता यंत्राचे सारे अंग जमिनीच्या मानाने २३० व्होल्टवर आले. (थ्री फेजच्या दोन तारांमध्ये सुमारे ४०० व्होल्ट असतात, एक तार आणि जमीन यांमध्ये २३०.) अर्थिंग नाही आणि अनवाणी कारागिराने ओल्या हाताने हँडल धरले, तर शरीराचा रोध सुमारे १,००० ओहम धरून २३० मिलिअँपिअर प्रवाह त्याच्यातून वाहील. दहा-पंधरा मिलिअँपिअरलाच स्नायू आखडून हात सुटेनासा होतो. तिसाच्या पुढे हृदयाची लय बिघडण्याचा धोका असतो. फ्यूजला मात्र या पाव अँपिअरचा पत्ताही लागत नाही.

आता अर्थिंग जोडू. वीज जमिनीत जाते आणि तिथेच जिरते, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. प्रवाहाला मंडल पुरे करावेच लागते. तो सांगाड्यातून अर्थिंगच्या खड्ड्यात, मातीतून ट्रान्सफॉर्मरच्या खड्ड्यात आणि तिथून न्यूट्रलला परत जातो. दोन्ही खड्ड्यांचा रोध ५-५ ओहम असेल, तर प्रवाह २३० ÷ १० = २३ अँपिअर. मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते, म्हणून तिचा फ्यूज मुळातच सढळ ठेवतात. तो २० अँपिअरचा असेल, तर २३ अँपिअरला वितळेलच असे नाही. तोवर यंत्राच्या अंगावर २३ × ५ = ११५ व्होल्ट राहतात. खड्डा आहे, तार आहे, तरीही धक्का! फ्यूजच्या जागी तांब्याची जाड तार अडकवणाऱ्या उस्तादांविषयी तर बोलायलाच नको.

ज्या कारखान्यात स्वतःचा ट्रान्सफॉर्मर असतो, तिथे सांगाड्यापासून न्यूट्रलपर्यंत धातूचीच वाट ठेवतात. एकूण रोध अर्धा ओहम असला तर प्रवाह ४६० अँपिअर होतो आणि फ्यूज तत्काळ उडतो. लहान वर्कशॉपला सोयीचा अर्थ लीकेज ब्रेकर. त्याच्या पोटातल्या चुंबकीय कड्यातून सर्व तारा, न्यूट्रलसकट, एकत्र जातात. गेलेला प्रवाह आणि परतलेला प्रवाह सारखे असले की त्यांचे चुंबकीय परिणाम एकमेकांना खोडून काढतात. थोडा प्रवाह जमिनीकडे गळला की हिशेब चुकतो, कड्यावरच्या वेगळ्या वेटोळ्यात विद्युतदाब निर्माण होतो आणि खटका पडतो. ३० मिलिअँपिअरचा ब्रेकर तेवढ्या गळतीला ०·३ सेकंदाच्या आत मंडल तोडतो.

मग हिरवी तार कशाला? ती असेल, तर गळती सुरू होताच, कोणी हात लावण्याआधीच, खटका पडतो. ती नसेल, तर पहिली गळती माणसातूनच होणार.

यंत्राच्या थरथरीने बोल्ट सैल होतात. म्हणून थ्री फेज मोटरच्या सांगाड्याला दोन स्वतंत्र अर्थ जोडण्या असल्याच पाहिजेत, अशी अट भारतीय विद्युत नियम, १९५६ मध्ये होती. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या विनियमांतही ती आहे. वर्कशॉपात गेलात तर कशालाही हात न लावता या जोडण्या मोजून पाहा.

ब्रेकरवर चाचणीचे बटण असते. ते दाबल्यावर खटका पडला, तर ब्रेकर ठीक आहे एवढेच कळते. खड्ड्याचा रोध मोजायला अर्थ टेस्टर हे वेगळे उपकरण लागते, आणि आपल्याकडे तो मे महिन्यात मोजावा. तेव्हा माती सर्वांत कोरडी असते आणि रोध सर्वांत जास्त.