ऋण ओळखावे, बोलावे, फेडावे



गेल्या नाताळात आपल्या चर्चमधील गोठ्यामागे एक चित्र लावले होते, ते तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. आपल्याच धर्मग्रामातील एका शाळकरी मुलीने ते काढले होते. त्यात मेंढपाळ नव्हते. धानाचा भारा डोक्यावर घेतलेली एक मजूर बाई गोठ्याच्या दाराशी उभी होती. आत जावे की नाही, या विचाराने तिचे पाऊल अडले होते.

मध्यरात्रीच्या मिस्सेला दोन दिवस उरले होते आणि आमच्या प्रवचनाचा कागद कोराच होता. ते चित्र पाहिले आणि त्या रात्री एका बैठकीत प्रवचन लिहून झाले. दाराशी अडखळणाऱ्यांसाठीच बाळ येशू गोठ्यात जन्मला, कारण गोठ्याला कुलूप नसते, असे आम्ही सांगितले. मिस्सेनंतर अनेकांनी हात जोडून म्हटले, "फादर, आजचे प्रवचन मनाला लागले." आम्ही उत्तर दिले, "सारी प्रभूची कृपा." ती मुलगी चार पावलांवर आपल्या आईजवळ उभी होती.

कृपा प्रभूचीच होती, यात शंका नाही. पण ती कोणाच्या हातून आमच्यापर्यंत आली, हे आम्ही सांगितले नाही. देवाचे नाव घेऊन माणसाचे नाव झाकता येते, हे त्या रात्री आम्हाला कळले. म्हणून आजचा धडा प्रथम आमच्यासाठी आहे आणि मग तुमच्यासाठी.

तेराव्या शतकातील थोर तत्त्वज्ञ संत थॉमस अक्वायनस यांनी कृतज्ञतेच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत. मिळालेला उपकार ओळखणे ही पहिली, तो शब्दांनी मान्य करणे ही दुसरी, आणि योग्य वेळी, योग्य ठिकाणी, ऐपतीप्रमाणे त्याची परतफेड करणे ही तिसरी. कृतघ्नतेच्या पायऱ्या याच्या उलट असतात. परतफेड न करणे वाईट, न बोलणे त्याहून वाईट, आणि उपकार झाला हेच न ओळखणे सर्वांत वाईट.

१. ओळखावे

एखाद्याने आपल्याला पैसे दिले तर ते ओळखणे सोपे असते. एखाद्याच्या चित्राने, गाण्याने किंवा कवितेने आपल्यातले शब्द जागे केले, तर ते ओळखणे अवघड जाते. कारण शब्द आपलेच असतात. आपण काही चोरलेले नसते. मग आभार कशाचे?

आपल्या भागातील शेतकऱ्याला याचे उत्तर ठाऊक आहे. रोवणीच्या वेळी आपले पऱ्हे वाळले, तर आपण शेजाऱ्याकडून पऱ्हे आणतो. बांधी आपली, चिखल आपला, घाम आपला, पीकही आपलेच. तरीही पऱ्हे कोणाचे होते, हे कोणी विसरत नाही.

मराठी साहित्यात याचे मोठे उदाहरण म्हणजे कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक. त्यांच्या जीवनातील एक महत्त्वाचा प्रसंग आपल्या जवळच घडला. 1893 साली नागपूरहून राजनांदगावला जाणाऱ्या रेल्वेत, म्हणजे आपल्या तुमसर रोडवरून जाणाऱ्या मार्गावरच, अर्नेस्ट वॉर्ड नावाचे मिशनरी त्यांना भेटले. त्यांनी टिळकांना नवा करार वाचावयास दिला. 10 फेब्रुवारी 1895 रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पण टिळकांच्या मनाची जमीन त्याआधी संत तुकारामांनी नांगरून ठेवली होती, आणि टिळकांनी ते ओळखले होते. ईश्वरावर वेडे प्रेम करणारा आणि ते प्रेम अभंगांत ओतणारा तो त्यांचा सहभक्त होता.

२. बोलावे

बाप्तिस्म्यानंतर टिळकांचे आप्त दुरावले. पत्नी लक्ष्मीबाईसुद्धा काही वर्षे वेगळ्या राहिल्या. अशा वेळी जुने सारे टाकून दिले, असे जाहीर करणे सोपे होते. टिळकांनी तसे केले नाही. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताच्या पायाशी आलो, असे ते उघडपणे सांगत. हे बोलणे जुन्या मंडळींना रुचणारे नव्हते आणि नव्यांपैकीही काहींना खटकणारे होते. तरी ते बोलले. त्या काळी मराठी ख्रिस्ती उपासनेत इंग्रजी गीतांची भाषांतरे फार असत. टिळकांनी अभंग आणि भजने रचून आपल्या लोकांना आपल्या भाषेत प्रार्थना दिली.

संत लूकनेही आपल्या शुभवर्तमानाच्या आरंभीच मान्य केले आहे की त्याच्या आधी पुष्कळांनी हा वृत्तांत लिहिण्याचे काम हाती घेतले होते. पवित्र आत्म्याने प्रेरित झालेल्या लेखकालाही आपल्या आधीच्यांचा उल्लेख करण्यात कमीपणा वाटला नाही. मग आम्हाला का वाटावा?

३. फेडावे

तुकाराम टिळकांच्या सुमारे अडीचशे वर्षे आधी होऊन गेले. त्यांचे ऋण त्यांना परत कसे देणार? ते पुढच्याला द्यावे लागते. टिळकांच्या घरी कवी त्र्यंबक बापूजी ठोंबरे, म्हणजेच बालकवी, काही काळ घरच्या मुलासारखे राहिले. अल्प शिक्षण झालेल्या लक्ष्मीबाई टिळकांच्या सहवासात कविता लिहू लागल्या. 1919 साली टिळक वारले तेव्हा त्यांचे 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य अपुरे होते. लक्ष्मीबाईंनी पुढे साठांहून अधिक अध्याय लिहून ते पुढे नेले. 1934 पासून प्रसिद्ध झालेल्या 'स्मृतिचित्रे'मध्ये त्यांनी टिळकांचा विसराळूपणा, राग आणि हट्ट सारे मोकळेपणाने सांगितले आहे. कृतज्ञता म्हणजे स्तुती नव्हे, हे त्यातून शिकावे. ज्याचे ऋण आहे त्याला खरेपणाने पाहणे, हाही त्याचा मानच आहे.

टिळक आपल्या कॅथलिक मंडळीतील नव्हते. तरीही मराठीत प्रभूचे नाव घेणाऱ्या सर्वांवर त्यांचे ऋण आहे, आणि तेही आज आपण बोलून मान्य करतो.

ज्याचे ऋण आहे तो हयात असेल, तर काम आणखी सोपे आहे. त्याला भेटून नेमके सांगावे. "छान आहे" एवढे पुरेसे नाही. तुझ्या चित्रातील त्या बाईच्या अडलेल्या पावलामुळे मला हे सुचले, असे सांगावे. गावात नाटक लिहिणाऱ्याने दंडारीतील ज्या सोंगाड्याकडून हसवण्याची रीत घेतली, त्याचे नाव रंगमंचावरून घ्यावे. गायनवृंदात नवी चाल बसवणाऱ्याने ती कोणाच्या गळ्यातून ऐकली, ते सांगावे. यातून आपला मान घटत नाही. उलट ज्याला वाटत होते की आपले काम कोणी पाहिलेच नाही, तो पुन्हा पेन्सिल हाती घेतो.

आमच्यापुरते सांगायचे तर, ते चित्र आज चर्चच्या दाराशी लावले आहे आणि त्याखाली त्या मुलीचे नाव लिहिले आहे. मिस्सेनंतर ते अवश्य पाहा. नाताळाच्या रात्री जे सांगायला हवे होते, ते आम्ही काल तिच्या घरी जाऊन सांगितले. ती लाजली आणि म्हणाली, "फादर, ती बाई माझी आजी आहे." म्हणजे तिचेही पऱ्हे कोणाच्या तरी बांधीतून आले होते.

चिंतनासाठी

* माझ्या कोणत्या चांगल्या कामामागे दुसऱ्याच्या कलेची प्रेरणा आहे?
* ते मी त्या व्यक्तीला कधी सांगितले आहे का?
* या आठवड्यात मी कोणाचे ऋण, कशा रीतीने फेडू शकतो?

प्रार्थना: हे प्रभो, तुझी कृपा ज्यांच्या हातून आमच्यापर्यंत येते, ते हात आम्हाला दिसू दे आणि त्यांची नावे घेण्याचे धैर्य आम्हाला दे. आमेन.