बालकांवरील अत्याचार : आरोग्याच्या दृष्टीने विचार

हिवतापाचा रोगी आढळला म्हणजे त्यास औषध देऊन आपण स्वस्थ बसत नाही. गावातील डबकीही बुजवितो. बालकांवरील अत्याचारांकडे मात्र आपण अद्याप एखाद्या घराचे दुर्दैव म्हणूनच पाहतो. अमेरिकेत १९६२ साली डॉ. हेन्री केम्प व त्यांचे सहकारी यांनी घरच्या मारहाणीने जायबंदी झालेल्या मुलांविषयी लेख प्रसिद्ध केला, आणि हा विषय ठळकपणे वैद्यकाच्या कक्षेत आला.

आपल्याकडे केंद्र शासनाच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली १३ राज्यांतील १२,४४७ मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. तीत दर तीन मुलांमागे दोघांना मारहाण सोसावी लागल्याचे दिसले. निम्म्याहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सांगितला. त्यांत मुलगे मुलींपेक्षा कमी नव्हते, आणि बहुतेकांनी ही गोष्ट पूर्वी कोणाजवळही बोललेली नव्हती. अत्याचार करणारे पुष्कळदा ओळखीचे, विश्वासातले होते. अनोळखी माणसापासून सावध राहा, एवढीच शिकवण त्यामुळे अपुरी पडते.

याच पाहणीत शाळेत जाणाऱ्या मुलांपैकी शेकडा ६५ मुलांनी शाळेत शिक्षा म्हणून मार खाल्ल्याचे सांगितले. हा आकडा आपल्या घरचा आहे. शिक्षण हक्क अधिनियम, २००९ च्या कलम १७ अन्वये शारीरिक शिक्षा व मानसिक छळ निषिद्ध आहेत. पण कायदा बाजूस ठेवला तरी, ज्या हातात छडी आहे त्या हाताजवळ मूल आपले दुःख घेऊन कसे येणार?

एखादे हसरे मूल अकस्मात गप्प होते, वारंवार गैरहजर राहते, विशिष्ट माणसाबरोबर घरी जाण्यास कचरते. ही लक्षणे म्हणजे पुरावा नव्हे. परंतु ती दिसताच लक्ष द्यावे. मूल बोलू लागले तर शांतपणे ऐकावे. वर्गापुढे विचारू नये, उलटतपासणी करू नये, संशयितास समोर बोलावू नये. ‘कोणास सांगणार नाही’ असे वचनही देऊ नये, कारण ते पाळता येणार नाही. २०१२ च्या बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम १९ प्रमाणे अशी माहिती पोलिसांस कळविणे प्रत्येकास बंधनकारक आहे. न कळविणे हा अपराध होय. सद्‌भावनेने कळविणाऱ्यास मात्र कायद्याचे संरक्षण आहे.

गावची अब्रू म्हणून प्रकरण गावातच मिटविण्याचा आग्रह होतो. तो कितीही वडीलधाऱ्यांनी केला तरी शिक्षकाने त्यात सामील होऊ नये. या कायद्यानंतर नोंदी वाढत गेल्या, त्यावरून अत्याचारच तेवढे वाढले असे म्हणता येत नाही. लपलेले काही अंशी उघड झाले, हेही त्याचे कारण आहे.

माता-पालक सभेत आरोग्यसेविकेस बोलवावे व लसीकरणाइतक्याच सहजतेने हा विषय काढावा. शरीराच्या खाजगी अवयवांची नावे व ‘नाही’ म्हणण्याचा हक्क पहिल्या इयत्तेपासून सांगता येतो. १०९८ हा बालसाहाय्याचा क्रमांक पुष्कळ शाळांत कार्यालयाच्या भिंतीवर असतो. तो वर्गाबाहेर, मुलांच्या नजरेच्या उंचीवर रंगवून घ्यावा.