मोटर नंतर, आधी सांधा

हे बघ बाई, लेकरानं मोटरवाल्या सेटसाठी रडून घर डोक्यावर घेतलं म्हणून लगेच वाशिमच्या बाजारात धावू नको. ती गाडी चार दिवस भिंतीला धडकते, सेल उतरले की खोक्यात जाते. जोडाजोडीचं खेळणं टिकतं सांध्यांवर. लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबीनं 1901 साली मेकॅनोचं पेटंट घेतलं. त्यातली करामत भोकांची आहे: सगळी अर्ध्या इंचावर, म्हणून कुठलीही पट्टी कुठल्याही पट्टीला बसते.

आपल्याला तेवढाही खर्च नको. पुढं पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत खेळणी करणारे अरविंद गुप्ता 1978 साली टेल्को कंपनीतून रजा घेऊन होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले. तिथं त्यांनी आगपेटीच्या काड्या अन् सायकलची वाल्वट्यूब यांचाच मेकॅनो केला. सायकलवाल्याकडून ट्यूब आण, दीड-दोन सेंटिमीटरचे तुकडे काप. काड्या लाकडी घे, मेणाच्या वाकतात. गूल खरवडून टाक. तुकड्याच्या दोन्ही तोंडांत काडी सरकव. तिसरी जोडायची तर मधोमध बाभळीच्या काट्यानं टोच अन् टोकदार काडी खुपस. चौकोन दाबला की तिरपा होतो, त्रिकोण हलत नाही. मग टिनाच्या शेडची कैची तशी का, हे पोरगंच विचारेल.

मोटरही घरी होते. वावरातली मोटार जळाली की आपण ज्या वाइंडिंगवाल्याकडं जातो, त्याच्याकडून व्हार्निश लावलेल्या कोऱ्या तारेचा मीटरभर तुकडा माग. सेलभोवती दहा वेढे देऊन वेटोळं काढून घे, दोन टोकं समोरासमोर बाहेर ठेव. सेलच्या दोन्ही बाजूंना सेफ्टी पिना रबरानं बांध, वर गोल चुंबक ठेव, पिनांच्या भोकांत टोकं अडकव. एका टोकाचं व्हार्निश पूर्ण खरवडायचं, दुसऱ्याचं मात्र अर्धंच. इथंच घोळ होतो. पूर्ण खरवडलं तर चुंबक अर्ध्या फेरीत पुढं ढकलतो, अर्ध्यात मागं ओढतो, अन् वेटोळं थरथरून थांबतं. अर्धं व्हार्निश राहिलं की उलट्या वेळी वीज तुटते, वेटोळं झोकानंच पुढं जातं. सुरुवातीला टिचकी द्यावी लागते. अडलं तर लगेच काढ, तार तापते.

अन् एक कानात सांगते. थोरलीला नुसत्या काड्या खरवडायला बसवू नको. आपल्या माहेरी पाना कायम दादाच्या हातात, अन् बॅटरी धरून उभ्या आपण दोघी. ब्लेड तू चालव. व्हार्निश कुठल्या बाजूचं ठेवायचं ते तिला ठरवू दे.