उन्हाळ्यातील अंगण व जूनमधील पाटी
(इयत्ता पहिली व दुसरीच्या शिक्षकांसाठी)

जून महिन्यात शाळा उघडतात, विदर्भात त्या थोड्या उशिराने उघडतात, आणि पहिल्याच दिवशी बहुतेक वर्गांतून एक प्रश्न विचारला जातो : "सुट्टीत काय केले?" उत्तरही ठरलेलेच असते. पहिला मुलगा "मामाच्या गावाला गेलो" असे म्हणतो आणि मग ओळीने सारा वर्ग मामाच्या गावाला जाऊन येतो. ज्यास मामा नाही तोही जातो. पाच मिनिटांत सुट्टीचा विषय आटोपतो व पाटीपेन्सिली बाहेर निघतात.

प्रश्न चुकीचा नाही. तो मुलाच्या मानाने फार मोठा आहे. सहा वर्षांच्या मुलास दीड महिन्याचा हिशेब एका वाक्यात देता येत नाही. शिवाय त्याने जे केले त्यास 'काही केले' असे म्हणतात, हेच त्यास ठाऊक नसते. वाळवणाची राखण केली, चिंचोके घासले, आंब्याच्या कोयी ओळीने मांडल्या, रात्री आजीच्या शेजारी पडून तारे पाहिले. ह्याला 'करणे' म्हणावे असे त्यास कोणी सांगितलेले नसते. खरे पाहता पुष्कळ शिक्षकांसही तसे वाटत नाही. ह्या पाठात त्या दीड महिन्याकडे जरा जवळून पाहावयाचे आहे.

समजा, असे एक घर आहे. घरात आजी, आई, वडील, आठ वर्षांची मुलगी व साडेपाच वर्षांचा मुलगा. मुलगा येत्या जूनमध्ये पहिलीत बसणार आहे. असे घर प्रत्येक गावात सापडेल.

आजीने कुरडईचे गहू भिजत घातले आहेत. तीन दिवस ते भिजतात व रोज पाणी बदलावे लागते. मुलगा रोज सकाळी उठून पातेल्यात डोकावतो. पहिल्या दिवशी गहू टणक, दुसऱ्या दिवशी फुगीर, तिसऱ्या दिवशी बोटाने दाबला की पांढरा चीक बाहेर येतो. मग गहू वाटतात, चोथा गाळून काढतात व चीक रात्रभर झाकून ठेवतात. सकाळी झाकण काढल्यावर वर निवळ पाणी व तळाशी घट्ट पांढरा थर.

"आजी, पाणी वर आणि पांढरं खाली कसं गं गेलं?"

"रात्रभर निजलं ते. जड होतं, तळाशी जाऊन बसलं."

एवढाच संवाद होतो. परंतु न विरघळणारा जड पदार्थ पाण्याच्या तळाशी बसतो, हा पुढील इयत्तेत शिकवावयाचा पाठ येथे मुलाच्या डोळ्यांसमोर घडला आहे. आणि तो त्याने स्वतः प्रश्न विचारून मिळविला आहे. पुढे आजी त्यालाच सांगते की, जितकी पातेली चीक तितकीच पातेली पाणी चुलीवर ठेवावयाचे. मुलगा मोजतो. एक पातेले जास्त झाले तर चीक पातळ होईल व कुरडया धरणार नाहीत, म्हणून त्याच्या मोजण्यास मोल आहे. शाळेत मणी मोजताना चूक झाली तर पाटीवर चुकीची खूण होते, आणखी काही बिघडत नाही. येथे सबंध घराच्या वर्षभराच्या कुरडया बिघडतात. ह्या दोन मोजण्यांत जे अंतर आहे ते शिक्षकाने विसरू नये.

उन्हे चढण्यापूर्वी सोऱ्यातून कुरडया पडतात. मुलांस वाटीत गरम चीक, वर दूध व साखर मिळते. त्यासाठी ती पहाटे कोणी न उठवता उठलेली असतात. मग राखण. मुलगी काठी घेऊन सावलीत बसते व कावळ्यांस हाकलते. मुलगा दर घटकेला जाऊन कुरडई वाळली की नाही हे बोट लावून पाहतो, आणि त्या तपासणीत दोनचार अर्ध्या वाळलेल्या कुरडया नाहीशा होतात. आजीला हे दिसते. ती काही बोलत नाही. संध्याकाळी मुलगी वाळलेल्या पापडांच्या पाच-पाचांच्या चवडी लावते व चवडी मोजून एकूण पापड सांगते. पाचाचा पाढा तिला त्यापूर्वी पाठ होताच. त्याचा उपयोग मात्र तिला त्या दिवशी कळला.

दुपारचे खेळ सावलीतले. त्यांत चिंचोक्यांच्या खेळाकडे विशेष लक्ष द्यावयास हवे. कोठे त्यास अष्टाचंगा म्हणतात, कोठे चल्लसआठ. नावे व नियम जिल्ह्याजिल्ह्यात थोडे बदलतात. जमिनीवर कोळशाने किंवा खडूने पाच बाय पाच असा पंचवीस घरांचा पट आखतात. बाहेरच्या फेरीत सोळा घरे, आतल्या फेरीत आठ व मध्ये एक. चार चिंचोके दगडावर घासून एका बाजूने पांढरे करतात व ते फासे म्हणून टाकतात. एक पांढरा पडला तर एक, दोन पडले तर दोन, तीन पडले तर तीन, चारही पांढरे पडले तर चार, आणि चारही काळे पडले तर आठ. चार किंवा आठ पडले की आणखी एकदा टाकावयास मिळते.

मुलाची सोंगटी पाचव्या घरात आहे व बहिणीची अकराव्या. तिला मारावयास सहा घरे पुढे जावे लागेल. चार चिंचोक्यांत सहा तर कधीच पडत नाहीत. साडेपाच वर्षांचा मुलगा चिंचोके मुठीत घोळवीत म्हणतो, "आधी चार पाहिजेत, मग दोन." ह्या एका वाक्यात किती गणित आहे ते पाहावे. त्याने अकरांतून पाच वजा केले. सहाचे चार व दोन असे भाग पाडले. पडणाऱ्या व न पडणाऱ्या संख्या वेगळ्या केल्या आणि अधिकच्या डावाचा नियम हिशेबात धरला. पाटी नाही, पेन्सिल नाही, आणि 'हे गणित आहे' असे सांगणाराही कोणी नाही. चौथी-पाचवीच्या मुलांस ह्याच खेळातून आणखी पुढे नेता येईल. प्रत्येक चिंचोका दोन्ही बाजूंनी सारखाच पडतो असे धरले तर चार चिंचोके पडण्याचे १६ प्रकार होतात. त्यांत दोन पडण्याचे ६, एक पडण्याचे ४, तीन पडण्याचे ४, आणि चार व आठ ह्यांचा प्रत्येकी एकच. आठ पडल्यावर मुले का ओरडतात ह्याचे कारण ह्या आकड्यांत आहे.

सागरगोट्यांचेही तसेच. पाच सागरगोटे घेऊन एक वर उडवावयाचा व तो खाली येईपर्यंत उरलेले चार उचलावयाचे : प्रथम एकेक, मग दोन-दोन, मग तीन व एक, शेवटी चारही एकदम. चाराचे भाग पाडण्याचा ह्याहून चांगला पाठ पुस्तकात सापडणे कठीण.

विटीदांडूविषयी थोडक्यात. दांडूने अंतर मोजताना मुले पुष्कळ ठिकाणी 'वकट, लेंड, मूंड, नाल' असे मोजतात किंवा मोजीत असत. हे निरर्थक शब्द नव्हेत. तेलुगू भाषेत एक ते चार ह्या संख्यांस ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु म्हणतात. ज्या मुलांनी तेलुगूचे एक अक्षर पाहिलेले नाही त्यांच्या खेळात शेजारच्या भाषेचे आकडे येऊन राहिले आहेत. ज्या शाळेत तेलुगू बोलणाऱ्या घरातील मूल असेल तेथे शिक्षकाने त्या मुलास हे आकडे वर्गासमोर म्हणावयास सांगावे. त्या दिवशी त्याची मान जरा ताठ होईल.

उन्हाळ्यात आकाशही घराच्या मालकीचे होते. मे महिन्यात संध्याकाळनंतर सप्तर्षी उत्तरेकडे उंच दिसतात व त्यांतील दोन ताऱ्यांच्या रेषेत खाली ध्रुव शोधता येतो. आजीला ही रेषा ठाऊक असते. आणखी एक मौज ह्याच महिन्यातली. सूर्य बरोबर डोक्यावर आला की उभ्या काठीची सावली क्षणभर नाहीशी होते. पुणे-मुंबईच्या बाजूस हे मेच्या मध्यास घडते, दक्षिणेकडे त्याआधी, नागपुराकडे मेच्या शेवटच्या आठवड्यात. कर्कवृत्ताच्या दक्षिणेस असलेल्या प्रदेशातच हे दिसते व महाराष्ट्र सबंध त्या दक्षिणेस आहे. घरातील वडील माणसाने अंगणात एक काठी किंवा पाण्याचा तांब्या ठेवून मुलांस ही सावली दाखविली तर दुपारचे दहा मिनिटांचे काम आहे.

आता जूनकडे वळावयास हरकत नाही. तोच मुलगा पहिलीत येऊन बसतो. शिक्षक पाटीवर '४ + २ =' असे लिहून देतात. मुलगा पाटीकडे पाहतो, मग शेजाऱ्याच्या पाटीकडे पाहतो, आणि गप्प राहतो. पहिल्या चाचणीत त्याच्या नावापुढे 'संख्याज्ञान नाही' अशी नोंद होते. ज्या मुलाने तीन आठवड्यांपूर्वी "आधी चार, मग दोन" असे म्हणून बहिणीची सोंगटी मारली त्याच्याविषयी ही नोंद आहे. नोंद करणारा शिक्षक अप्रामाणिक नाही. त्याने जे पाहिले ते लिहिले. परंतु एकदा अशी नोंद झाली की शिक्षक त्या मुलास सोपे प्रश्न विचारू लागतो, मग विचारीतच नाही, आणि मुलासही हळूहळू त्या नोंदीचे खरे वाटू लागते. घरी येणारे शाळेत येत नाही, असे नसून शाळेची खूण त्यास अद्याप ओळखता येत नाही एवढेच असते.

ह्या गोष्टीस संशोधनाचाही आधार आहे. ब्राझील देशातील रेसिफे शहरात टेरेझिन्हा कॅरेहर, डेव्हिड कॅरेहर व अनालुसिया श्लीमन ह्यांनी रस्त्यावर नारळ, कलिंगडे आदी माल विकणाऱ्या पाच मुलांचा अभ्यास केला व तो १९८५ साली प्रसिद्ध झाला. विक्री करताना त्या मुलांनी केलेले हिशेब शंभरांत सुमारे ९८ बरोबर होते. तेच हिशेब नुसत्या आकड्यांत कागदावर मांडून दिले तेव्हा शंभरांत सुमारे ३७ बरोबर आले. मुले तीच व आकडेही त्याच प्रकारचे. पाच मुलांच्या अभ्यासावरून सर्व जगाचा नियम बांधू नये हे खरे. तथापि गावातील कोणत्याही शिक्षकास बाजाराच्या दिवशी ह्याची प्रचीती घेता येईल.

आपल्याकडेही ही दृष्टी नवी नाही. ताराबाई मोडक व अनुताई वाघ ह्यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य सुरू केले तेव्हा विकतची साधने बाजूस ठेवून खडे, शिंपले, पाने, बिया ह्यांवर भर दिला. मुले शाळेत येत नाहीत तर शाळा मुलांच्या अंगणात न्यावी, ह्या विचारातून अंगणवाडी आली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा एक पायाभूत टप्पा मानून त्यात खेळास प्रमुख स्थान दिले आहे. धोरण आले म्हणजे वर्गात खेळ आला असे मात्र होत नाही.

येथे एक धोका सांगितला पाहिजे. ह्या पाठातील मजकूर वाचून एखादा उत्साही शिक्षक एप्रिलअखेर पालकांस वही देईल व 'रोज कोणता खेळ खेळला, त्यातून काय शिकले, ते लिहून आणावे' असे सांगेल. तसे कृपा करून करू नये. राखणीचा गृहपाठ झाला की कावळे हाकलण्यातील गंमत गेली. पालकसभेत शिक्षकाने एवढेच सुचवावे की, घरातील काम चालू असताना मुलास 'बाजूला हो' असे न म्हणता त्याच्या हाती त्यास झेपेल असा एक भाग द्यावा, व त्याने विचारलेल्या प्रश्नास उत्तर द्यावे. उत्तर 'रात्रभर निजलं ते' असे असले तरी चालेल. विहीर, शेततळे व कालवा ह्यांपाशी मूल एकटे जाऊ नये आणि बारा ते चारपर्यंत उन्हात खेळू नये, हेही त्याच सभेत सांगावे. मोबाइलविषयी उपदेश करण्यात फारसा अर्थ नाही. चिंचोक्यांच्या डावाला चौथा गडी हवा असेल तर मूल मोबाइल ठेवून येते, असा पुष्कळ घरांतील अनुभव आहे.

सर्वच घरे सारखी नसतात, ह्याचे भान वर्गात ठेवावे लागते. ऊसतोडीस गेलेली कुटुंबे हंगाम संपल्यावर गावी परततात. त्यांच्या मुलांस उन्हाळा म्हणजे आपले घर पुन्हा दिसण्याचा काळ. वीटभट्टीवरील मुलांचा उन्हाळा भट्टीवरच जातो. काही मुली सुट्टीभर धाकट्या भावंडास कडेवर घेऊन असतात. अशा मुलीस 'कोणते खेळ खेळलीस?' असे विचारले तर ती खाली पाहील. 'बाळ रडू लागले की तू काय करतेस?' असे विचारले तर तिच्याजवळ सांगण्यासारखे पुष्कळ असते, व ते ऐकण्यासारखेही असते.

म्हणून जूनच्या पहिल्या आठवड्यात 'सुट्टीत काय केले?' हा मोठा प्रश्न न विचारता लहान प्रश्न विचारावेत. कुरडईला गहू किती दिवस भिजतात? तुमच्या घरी चिंचोक्यांचे आठ केव्हा पडतात? कोय पुरली होती का, तिला कोंब आला का? ज्या दिवशी पहिली चाचणी घ्यावयाची त्या दिवशी पाटी देण्यापूर्वी वर्गाच्या फरशीवर पंचवीस घरांचा पट आखावा, चार-चार मुलांस बसवावे व शिक्षकाने शेजारी बसून नुसते ऐकावे. मुलाने टाकलेले दान पट्टीवर लिहावयाचे झाल्यास त्याच्यासमोर लिहावे : चार पडले, मग दोन पडले, म्हणजे '४ + २', आणि सोंगटी सहा घरे पुढे गेली. खूण व वस्तू प्रथमच एका ठिकाणी आल्या की पाटीची भीती कमी होते. काही मुलांस दोन दिवस लागतील, काहींस महिना. खेळताना एखादे मूल "गुरुजी, सहा पडतच नाहीत" असे म्हणाले, तर ते वाक्य त्या दिवसाच्या तारखेसह त्याच्या नोंदीत जसेच्या तसे लिहून ठेवावे.