बॅटरी बदलण्यापूर्वी मोजून पाहा

श्रीवर्धन तालुक्यातील बोर्ली पंचतनच्या परिसरात भाताची रोपे 21 ते 25 दिवसांची झाली की लावणी लांबविणे हिताचे नसते. ऐन चिखलणीच्या वेळी ट्रॅक्टरचा सेल्फ फिरेनासा झाला, तर शेतकरी घाईने नवी बॅटरी आणतो. परंतु पुष्कळदा दोष तसाच राहतो. दिवस जातो व पैसाही जातो. समुद्रावरून येणाऱ्या खाऱ्या, दमट हवेने तारांचे सांधे गंजतात आणि गंजलेला सांधा वीज अडवितो. म्हणून आधी मोजावे व मगच बदलावे.

ह्या कामी साधा मल्टिमीटर पुरतो. पुढील आकडे 12 व्होल्टच्या, पाणी घालावयाच्या बॅटरीचे आहेत.

1. उभ्या ट्रॅक्टरची कसोटी : ट्रॅक्टर रात्रभर उभा राहिल्यानंतर सकाळी बॅटरीच्या दोन्ही खुंट्यांवर मीटर लावावा. सुमारे 12.6 व्होल्ट म्हणजे बॅटरी पूर्ण भरलेली, 12.4 म्हणजे पाऊण भरलेली; 12 किंवा त्याखाली असल्यास ती बरीच उतरलेली समजावी. उतरलेली बॅटरी निकामी असतेच असे नाही. ती चार्ज करून पुढील कसोटी घ्यावी.

2. भाराखालील कसोटी : गियर न्यूट्रलमध्ये ठेवावा. इंजिन बंद करण्याची कळ ओढून धरावी, म्हणजे इंजिन सुरू न होता केवळ फिरेल. मदतनिसाने काही सेकंद सेल्फ द्यावा. भरलेल्या बॅटरीचा आकडा 9.6 च्या खाली गेल्यास बॅटरी अशक्त आहे किंवा सेल्फ जड झाला आहे.

3. सांध्यांची कसोटी : सेल्फ देत असतानाच मीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण खुंटीवर व दुसरे इंजिनच्या स्वच्छ धातूवर टेकवावे. त्यानंतर धन खुंटी व सेल्फवरील जाड तारेचा बोल्ट यांमध्ये मोजावे. आकडा 0.5 व्होल्टहून अधिक आल्यास त्या मार्गातील तार किंवा सांधा सदोष आहे. वीज वाहत नसताना खराब सांधाही निर्दोष भासतो. म्हणून ही कसोटी सेल्फ देतानाच घ्यावयाची. सेल्फचा मुळीच आवाज नसेल, तर प्रथम फ्यूज, चावी व तिच्या तारा तपासाव्यात.

4. चार्जिंगची कसोटी : इंजिन मध्यम वेगाने चालू असताना 13.8 ते 14.5 व्होल्ट मिळावेत. 13 हून कमी मिळाल्यास पट्टा व अल्टरनेटर पाहावा; 15 हून अधिक असल्यास रेग्युलेटर बिघडलेला असण्याचा संभव असतो.

सांधा साफ करताना ऋण तार प्रथम काढावी व शेवटी जोडावी. खुंट्या खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने व ब्रशने घासाव्यात. ते पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नये. कोरडे करून सांधा घट्ट आवळावा व वरून व्हॅसलीन लावावे. बॅटरीतून ज्वालाग्राही वायू निघतो, म्हणून जवळ विडी ओढू नये.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी मृगापूर्वीच प्रत्येक ट्रॅक्टरचे हे चार आकडे वहीत नोंदवून घ्यावेत. पुढे बिघाड झाल्यास जुन्या आकड्यांशी तुलना करताच दोष कोठे आहे ते कळेल आणि लावणी खोळंबणार नाही.